जी-टाइप ताऱ्याजवळ रेडिओ सोर्स दिसला, तर तो ताऱ्याचा कोरोना असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: व्हीएलए या अमेरिकेतल्या रेडिओ दुर्बिणींच्या संचाने केलेल्या स्काय सर्व्हेच्या ३ गिगाहर्ट्झच्या इमेजमध्ये, साधारण २० पार्सेकवरच्या (१ पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं) एका सूर्यासारख्या, म्हणजे जी-टाइप, ताऱ्यापासून दोनेक आर्कसेकंदांवर (१ आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) १ मिलिजॅन्स्कीचा (जॅन्स्की हे फ्लक्सचं, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणाऱ्या रेडिओ तेजाचं, एकक) सोर्स दिसतोय, तर ताऱ्याचा कोरोना, म्हणजे सगळ्यात बाहेरचं तापलेलं विरळ वातावरण, रेडिओत सापडला असं म्हणता येईल का? आणि दुसरा भाग, सूर्य रेडिओत एवढा प्रखर आहे तर त्याच्यासारखे तारे शेकड्यांनी का दिसत नाहीत?

पहिल्या भागाचं सरळ उत्तर: कोरोनाच्या उष्णतेतून येणारं शांत रेडिओ उत्सर्जन तर हे नक्कीच नाही. मग काय असू शकतं हे शोधायला मात्र मजा आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या भागाचं उत्तर आधी द्यावं लागेल.

सूर्याचाच हिशोब करू, कारण या विषयातले निम्मे गैरसमज अंतराचा हिशोब न केल्यामुळे होतात. सूर्याचा १०.७ सेंटिमीटरचा फ्लक्स, म्हणजे २.८ गिगाहर्ट्झचा, कॅनडात १९४७ पासून रोज मोजतात, आणि ही फ्रिक्वेन्सी तुमच्या सर्व्हेला अगदी खेटून आहे. सौरचक्राच्या तळाला हा आकडा ७० सोलर फ्लक्स युनिटच्या आसपास असतो, चक्र भरात असताना २०० च्या वर जातो. एक युनिट म्हणजे १० हजार जॅन्स्की, तर शांत सूर्य झाला ७ लाख जॅन्स्की. आता हाच सूर्य उचलून १ पार्सेकवर ठेवा. अंतर २ लाख ६ हजार पट झालं, फ्लक्स अंतराच्या वर्गाने पडतो, म्हणजे भागायचं सव्वाचार हजार कोटींनी, आणि हातात उरतात १६ मायक्रोजॅन्स्की. २० पार्सेकवर न्यायचं तर आणखी ४०० ने भागा, ०.०४ मायक्रोजॅन्स्की. व्हीएलए तासभर एका जागी रोखून ठेवली तरी नॉइज काही मायक्रोजॅन्स्कीचा राहतो, आणि या सर्व्हेच्या एका फेरीत तर तो १२० मायक्रोजॅन्स्कीच्या घरात आहे. म्हणून शेकड्यांनी दिसत नाहीत. तुमचा सोर्स शांत सूर्याच्या पंचवीस हजार पट आहे, एवढ्या एका आकड्यावरच "सूर्यासारखा कोरोना" ही कल्पना बाजूला पडते.

पण समजा कोणी म्हणालं की तारा तरुण आहे, कोरोना जास्त गरम आणि जास्त दाट आहे, मग? त्यासाठी ब्राइटनेस टेंपरेचर काढायचं, रेडिओवाल्यांचं हे सगळ्यात उपयोगी हत्यार आहे आणि नवीन लोक तेच काढायचं विसरतात. एखादी वस्तू अमुक आकाराची आहे असं धरलं, तर एवढा फ्लक्स द्यायला ती किती केल्विनची असावी लागेल, इतकाच त्याचा अर्थ. सूर्याएवढी चकती २० पार्सेकवर ठेवून ३ गिगाहर्ट्झला १ मिलिजॅन्स्की हवा असेल तर उत्तर येतं साधारण ९० कोटी केल्विन. सूर्याचा कोरोना १० ते २० लाख केल्विनचा, अतिशय तरुण, गरगर फिरणाऱ्या जी-टाइप ताऱ्यांचा कोटीच्या आसपास. उष्णतेने निघणारं उत्सर्जन स्वतःच्या टेंपरेचरच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे अख्खा तारा कोटी केल्विनच्या पूर्ण अपारदर्शक कोरोनाने झाकून टाकला तरी जेमतेम ११ मायक्रोजॅन्स्की मिळतील, १ मिलिजॅन्स्की नाही. मग एकतर इलेक्ट्रॉन उष्णतेच्या हिशोबाबाहेर वेगवान झालेत, किंवा सगळे मिळून एका तालात उत्सर्जन करतायत, किंवा सोर्स ताऱ्याचा नाहीच.

इथे थोडं थांबून, रेडिओत ताऱ्याचा कुठला थर दिसतो ते नीट सांगतो, कारण प्रश्नात "तारा रेडिओत दिसला म्हणजे कोरोना दिसला" असं गृहीत धरलेलं दिसतंय आणि ते मला बऱ्याच ठिकाणी दिसतं.

शांत ताऱ्यातला रेडिओ मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन आयनांजवळून जाताना वळतात त्यातून येतो. या प्रक्रियेची अपारदर्शकता घनतेच्या वर्गाने वाढते, टेंपरेचर वाढलं की कमी होते, आणि फ्रिक्वेन्सी वाढवली की तिच्या वर्गाने कमी होते. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. हे धुक्यात बघण्यासारखं आहे, फक्त इथे धुकं किती दाट दिसावं हे फ्रिक्वेन्सी निवडून आपण ठरवतो. जास्त फ्रिक्वेन्सीला कोरोना पारदर्शक होतो आणि नजर आरपार क्रोमोस्फिअरपर्यंत, म्हणजे कोरोनाच्या खालच्या थरापर्यंत, जाते, कमी फ्रिक्वेन्सीला कोरोनातच अडकते. शिवाय खाली एक पक्की सीमा आहे, प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी: घन सेंटिमीटरमध्ये १० कोटी इलेक्ट्रॉन असतील तर ती ९० मेगाहर्ट्झ येते, १ हजार कोटी असतील तर ९०० मेगाहर्ट्झ, आणि तिच्या खालची लहर त्या थरातून बाहेर पडूच शकत नाही.

सूर्यावर हे अगदी सुंदर दिसतं. अल्मा दुर्बिणीने १.३ मिलिमीटरला सूर्याच्या चकतीच्या मध्यभागी साधारण ५९०० केल्विन मोजले, ३ मिलिमीटरला ७३०० च्या आसपास, म्हणजे तरंगलांबी थोडी वाढवली आणि आपण क्रोमोस्फिअरमध्ये थोडे वर चढलो. १८ गिगाहर्ट्झला १० हजारांच्या आसपास, १.४ गिगाहर्ट्झला सत्तर हजारांच्या आसपास, आणि मीटर तरंगलांबीला जवळपास १० लाख. एकच सूर्य, एकच दिवस, फक्त रिसीव्हर बदलत जा आणि तुम्ही फोटोस्फिअरच्या, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या पृष्ठभागाच्या, जरा वरून थेट कोरोनापर्यंत जिना चढून जाता. मला स्वतःला सौरभौतिकीतल्या सगळ्या मोजमापांमध्ये हे सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण इथे रेषांची मॉडेलं, आयनीकरणाची गृहीतकं वगैरे मध्ये येत नाहीत, इलेक्ट्रॉनचं टेंपरेचर जवळपास थेट मिळतं.

हा १० लाखांचा आकडा मिळाला त्याचा इतिहासही छान आहे. फेब्रुवारी १९४२ च्या शेवटी ब्रिटनमधल्या रडारांमध्ये दोन-तीन दिवस भयंकर खरखर आली, जर्मनांनी जॅमिंग चालू केलं असा संशय होता, आणि तपास दिला जेम्स स्टॅनली हे यांच्याकडे. त्यांच्या लक्षात आलं की खरखरीची दिशा सूर्याबरोबर सरकतेय आणि त्याच दिवसांत सूर्यावर डागांचा एक मोठा गट मध्यरेषा ओलांडतोय. युद्धामुळे हे गुप्त राहिलं आणि १९४६ मध्ये छापलं गेलं. पण ती खरखर होती सक्रिय डागांची, शांत सूर्याची नाही. शांत सूर्याचं काम ऑस्ट्रेलियात जो पॉसी यांनी केलं: १.५ मीटरवर रोजची मोजमापं घेतली, वरखाली होणारे आकडे बाजूला ठेवले आणि त्याखाली एक तळ आहे जो कधी खाली जात नाही हे दाखवलं, तो तळ होता साधारण १० लाख केल्विन. त्याच वर्षी मार्टिन आणि गिन्झबर्ग यांनी स्वतंत्रपणे हेच गणिताने सांगितलं. कोरोना एवढा गरम आहे हे ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी वर्णपटातल्या रेषांवरून आधीच दाखवलं होतं, पण बऱ्याच जणांना ते पचत नव्हतं, आणि रेडिओने पूर्ण वेगळ्या वाटेने तोच आकडा दिला.

आता ताऱ्यांकडे. वरच्या जिन्याचा परिणाम असा की सूर्यासारखा म्हातारा, शांत तारा रेडिओत बघायचा तर फ्रिक्वेन्सी वर न्यावी लागते. टेंपरेचर खाली येतं हे खरं, पण अपारदर्शक थराचा फ्लक्स फ्रिक्वेन्सीच्या वर्गाने वाढतो आणि तो फायदा तोट्यापेक्षा बराच मोठा आहे. जॅकी व्हिलाडसेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच केलं, व्हीएलएवर ३४.५ गिगाहर्ट्झला टाऊ सेटी, ईटा कॅसिओपिया ए आणि ४० एरिडानी ए हे तीन तारे पकडले. टाऊ सेटीचं गणित करून बघा: अंतर ३.६५ पार्सेक, त्रिज्या सूर्याच्या ०.७९ पट, मिळालेला फ्लक्स साधारण २५ मायक्रोजॅन्स्की. ब्राइटनेस टेंपरेचर येतं ९ हजार आणि काहीतरी केल्विन, म्हणजे क्रोमोस्फिअर, आपल्या सूर्याच्या याच पट्ट्यातल्या आकड्याशी जवळपास जुळणारं. इथे कोरोनाचा संबंध नाही. पण अब्जावधी वर्षं जुन्या, अगदी सामान्य ताऱ्याचं क्रोमोस्फिअर रेडिओत मोजता येतं हे मला त्या पेपरमध्ये फार मोठं वाटलं, त्याआधी जे तारे मिळत होते ते बहुतेक तरुण आणि खवळलेले तरी होते, किंवा प्रोसिऑनसारखे सूर्यापेक्षा मोठे आणि गरम, जो १९९३ मध्ये ८.४ गिगाहर्ट्झला मिळाला होता.

अल्फा सेंटॉरी ए आणि बी तर शेजारीच आहेत, १.३४ पार्सेकवर, त्यामुळे अल्मामध्ये ते छान दिसतात आणि ऑस्ट्रेलियाच्या कॉम्पॅक्ट ॲरेने १७ गिगाहर्ट्झलाही ते मिळाले. दूर अवरक्तात तर ए ताऱ्याचं टेंपरेचर मिनिमम मोजलं गेलं, म्हणजे फोटोस्फिअरवरून वर जाताना जिथे टेंपरेचर सगळ्यात खाली येतं आणि मग पुन्हा चढायला लागतं तो थर, सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्यात हे पहिल्यांदाच जमलं. त्यामुळे क्रोमोस्फिअर कुठून तापतं या प्रश्नाला आता एका ताऱ्याऐवजी काही ताऱ्यांचा डेटा आहे.

मग कोरोना दिसतो कसा? सूर्यावर दोन रस्ते आहेत. एक कमी फ्रिक्वेन्सीचा, तो वर सांगितला, पण मीटर तरंगलांबीला फ्लक्स इतका पडतो की ताऱ्यांसाठी तो आज तरी बंद आहे. दुसरा सौरडागांवरचा. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतात, दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झ, आणि या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिपटीला गरम कोरोना एकदम अपारदर्शक होतो. ५ गिगाहर्ट्झला तिसऱ्या पटीसाठी ६०० गॉस लागतात, तुमच्या ३ गिगाहर्ट्झला साधारण ३६० गॉस. मोठ्या डागावरच्या कोरोनात एवढं क्षेत्र असतं, त्यामुळे मायक्रोवेव्हमध्ये डागांच्या डोक्यावर १० लाख केल्विनचे ठिपके चमकतात. २३ नोव्हेंबर १९४६ च्या खंडग्रास ग्रहणात आर्थर कोव्हिंग्टन यांनी हे पकडलं, चंद्राने मोठा डाग झाकला त्या क्षणी १०.७ सेंटिमीटरचा सिग्नल एकदम घसरला. फ्लक्स ७० वरून २०० च्या वर जातो तो मुख्यतः अशा सक्रिय भागांमुळे. ज्या ताऱ्याचा मोठा पृष्ठभाग अशा क्षेत्राने भरलेला आहे तिथे हा रस्ता उघडतो, पण वरची मर्यादा लक्षात ठेवा, कोटी केल्विनच्या वर यातून काही मिळणार नाही.

त्याच्यावर जे काही जातं ते वेगवान इलेक्ट्रॉनांचं काम. मानुएल ग्युडेल, युर्गेन श्मिट आणि आर्नोल्ड बेंझ यांनी १९९४ मध्ये जवळच्या जी-टाइप ताऱ्यांमधून मायक्रोवेव्ह मिळाल्याचं दाखवलं, आणि ईके ड्रॅकोनिस हा त्या जातीचा प्रसिद्ध तारा, सूर्याच्याच वजनाचा पण वय जेमतेम १० कोटी वर्षांच्या आसपास आणि पावणेतीन दिवसांत स्वतःभोवती एक फेरी. सूर्याएवढ्या ताऱ्याकडून ३४ पार्सेकवरून ८.४ गिगाहर्ट्झला १०० मायक्रोजॅन्स्की आले तर ब्राइटनेस टेंपरेचर ३ कोटींच्या वर जातं, म्हणजे कोरोनापेक्षा जास्त. अशा ताऱ्यांत प्रकाशवेगाच्या बऱ्याच मोठ्या हिश्श्यापासून जवळजवळ प्रकाशवेगापर्यंतचे इलेक्ट्रॉन चुंबकीय वेटोळ्यांमध्ये फिरत असतात आणि तेही फ्लेअर चालू नसताना, सतत. सूर्यावर असे इलेक्ट्रॉन फ्लेअरमध्ये दिसतात आणि लवकर संपतात. तरुण ताऱ्यात त्यांना सतत भरती कोण करतं, छोट्या छोट्या फ्लेअरांची न थांबणारी रांग की आणखी काही, यावर अजून वाद आहे, माझा कल छोट्या फ्लेअरांकडे आहे.

कल तिकडे असण्याचं कारण म्हणजे ग्युडेल आणि बेंझ यांचा १९९३ चा संबंध. सक्रिय ताऱ्यांचं एक्स-रे तेज भागिले रेडिओ तेज घेतलं तर उत्तर बऱ्याच वेगवेगळ्या जातींच्या ताऱ्यांसाठी जवळपास एकच येतं, १० चा साडेपंधरावा घात, हर्ट्झमध्ये. नंतर सौर फ्लेअर त्याच रेषेच्या विस्तारावर बसतात हेही त्यांनी दाखवलं. कोरोना तापवणारी गोष्ट आणि इलेक्ट्रॉन पळवणारी गोष्ट एकच असावी असं यातून वाटतं.

आणि हा संबंध तुमच्या कामाचा आहे. २० पार्सेकवरून १ मिलिजॅन्स्की सतत येत असेल, तर या संबंधाने ताऱ्याचं एक्स-रे तेज सूर्याच्या साधारण हजार पट असायला हवं, म्हणजे असा तारा एक्स-रेमध्ये जवळपास कमाल मर्यादेला टेकलेला, ईके ड्रॅकोनिससारखा. असा तारा २० पार्सेकवर असेल तर रोसॅट या एक्स-रे उपग्रहाच्या जुन्या सर्व्हेत तो ढळढळीत दिसणारच, कारण त्या सर्व्हेची पोच या अंतरावर त्याच्या शंभरेक पट कमी तेजापर्यंत होती. म्हणून पहिलं काम: रोसॅटचा कॅटलॉग उघडा. तिथे ताऱ्याच्या जागी काही नसेल तर "तरुण ताऱ्याचं सततचं उत्सर्जन" ही शक्यता पाच मिनिटांत निकालात निघते. ताऱ्याचा फिरण्याचा काळ माहीत असेल तर तोही बघा, पंचवीस दिवसांत फिरणारा तारा असं काही करत नाही.

उरते स्फोटाची शक्यता, आणि ही खरंच खुली आहे. ६ डिसेंबर २००६ ला सूर्यावरून एक रेडिओ स्फोट आला, १.४ गिगाहर्ट्झच्या आसपास तो १० लाख सोलर फ्लक्स युनिटच्या वर गेला, पृथ्वीच्या उजेडातल्या अर्ध्या भागावरचे जीपीएस रिसीव्हर गोंधळले. अशा वेळी फ्लेअरचे इलेक्ट्रॉन सुटेसुटे उत्सर्जन न करता एका तालात करतात म्हणून एवढी तीव्रता मिळते, आणि सिग्नल बहुतेकदा जोरदार सर्क्युलर पोलराइज्ड असतो, म्हणजे लहरीचं विद्युतक्षेत्र गोल फिरत येतं. आता हा स्फोट २० पार्सेकवर नेऊन बघा: जवळजवळ ०.६ मिलिजॅन्स्की! शांत सूर्य त्या अंतरावरून या फ्रिक्वेन्सीला कुठल्याच दुर्बिणीला दिसत नाही, पण तो एक स्फोट दिसला असता. म्हणून १ मिलिजॅन्स्की हा आकडा सूर्यासारख्या ताऱ्याला अशक्य नाही, फक्त असे स्फोट मिनिटांचे असतात आणि सर्व्हे प्रत्येक जागेवर काही सेकंदच थांबतो, नेमक्या त्या सेकंदांत स्फोट सापडणं फार दुर्मिळ. एप्सिलॉन एरिडानीसारख्या जवळच्या, तरुण के-टाइप (सूर्यापेक्षा थोड्या थंड) ताऱ्यात २ ते ४ गिगाहर्ट्झमध्ये स्फोट दिसलाय, पण तो तारा ३.२ पार्सेकवर आहे आणि त्याच्याकडे मुद्दाम बघत बसले होते.

बाकीचे निम्मे संशयित तर ताऱ्याच्या बाहेरचे आहेत, आणि माझ्या मते उत्तर तिथेच आहे. दोन आर्कसेकंद हे अंतर नेमकं कुठल्या पोझिशनपासून मोजलंय? कॅटलॉगमधली सन २००० ची पोझिशन तशीच घेतली असेल तर ती चूक आहे. २० पार्सेकवरचा तारा आकाशाला आडवा ३० किलोमीटर प्रति सेकंदाने जात असेल तर वर्षाला ०.३ आर्कसेकंद सरकतो, म्हणजे २०१९ च्या इमेजपर्यंत तो ६ आर्कसेकंद पुढे गेलेला असणार आणि तुमचा सोर्स तो जिथे होता तिथे राहिला. हे फार वेळा होतं. गाया उपग्रहाने मोजलेली ताऱ्याची पोझिशन आणि प्रॉपर मोशन, म्हणजे आकाशातलं सरकणं, घ्या, गायाच्या तिसऱ्या कॅटलॉगची पोझिशन २०१६ ची आहे हे लक्षात ठेवा, तिथून इमेजच्या तारखेपर्यंत तारा पुढे ढकला आणि मग अंतर मोजा. सर्व्हेच्या झटपट इमेजांची स्वतःची पोझिशनही थोडी सरकलेली असू शकते, म्हणून आजूबाजूच्या माहीत असलेल्या दोन-चार क्वेझारांवर (दूरच्या आकाशगंगांच्या प्रखर गाभ्यांवर) ती तपासून घ्या. एकाच ताऱ्याकडे बघत असाल तर मागे योगायोगाने आकाशगंगा असण्याची शक्यता अगदी छोटी, पण हजारो ताऱ्यांची यादी सर्व्हेशी जुळवून हा एक वर आला असेल तर योगायोगच पहिला संशयित.

दुसरा संशयित जोडीदार. २० पार्सेकवर २ आर्कसेकंद म्हणजे ४० खगोलीय एकक, साधारण सूर्य ते प्लूटो एवढं. तिथे एखादा लाल बटू (सूर्यापेक्षा बराच लहान आणि थंड) तारा असणं अगदी नेहमीचं आहे, आणि सक्रिय लाल बटू फ्लेअरमध्ये या अंतरावरून १ मिलिजॅन्स्की सहज देतो. लाल बटूंचे रेडिओ फ्लेअर बर्नार्ड लव्हेल १९५० च्या दशकाच्या शेवटापासून ब्रिटनमधल्या जोड्रेल बँक वेधशाळेतून बघत होते, हा प्रकार जुना आणि पक्का आहे. वर सांगितलेल्या तीन ताऱ्यांतही ईटा कॅसिओपिया आणि ४० एरिडानी यांना लाल बटू जोडीदार आहेत, व्हीएलएची नजर बारीक म्हणून ते वेगळे काढता आले. जुन्या पेपरांमध्ये "जी-टाइप ताऱ्याचा रेडिओ" म्हणून दिलेल्या आकड्यांकडे मी म्हणूनच जरा जपून बघतो, आधी जोडीदार कोण आहे ते शोधतो. गायामध्ये तुमच्या सोर्सच्या जागी एखादा लालसर, तेवढ्याच पॅरॅलॅक्सचा, म्हणजे तेवढ्याच अंतरावरचा, तारा आहे का बघा. लाल बटूंचे निष्कर्ष सूर्यावर किंवा जी-टाइप ताऱ्यांवर ढकलू नका एवढी विनंती, २०२५ मध्ये लोफार या रेडिओ दुर्बिणीच्या डेटातून ताऱ्याच्या वस्तुमान उत्सर्जनाचा जो रेडिओ स्फोट जाहीर झाला तोसुद्धा लाल बटूचाच होता.

त्या स्फोटाबद्दल एक वाक्य, कारण लोक विचारतात. सूर्यावर धक्कालहर कोरोनातून वर जाते तेव्हा घनता कमी होत जाते, प्लाझ्मा फ्रिक्वेन्सी खाली सरकते, आणि रेडिओत हळू घसरणारी रेघ दिसते, टाइप २. इलेक्ट्रॉनांचा झोत प्रकाशवेगाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धावतो तेव्हा रेघ झपकन खाली येते, टाइप ३. ताऱ्यांवर टाइप २ साठी वर्षानुवर्षं शोध चालू होता आणि हाती फार थोडं लागलंय. कदाचित जोरदार चुंबकीय क्षेत्र वस्तुमान बाहेर पडूच देत नाही, कदाचित धक्कालहर तयार होत नाही, जी-टाइप ताऱ्यांसाठी हे कोडं अजून सुटायचंय. ३ गिगाहर्ट्झला मात्र हे दिसायची अपेक्षा करू नका, ते कमी फ्रिक्वेन्सीचं काम आहे.

रेडिओत काही न दिसण्यालाही किंमत असते, हेही इथे सांगायला हवं. सूर्य वाऱ्यातून जे वस्तुमान गमावतो त्या वेगाने अख्खा सूर्य संपायला ५० लाख कोटी वर्षं लागतील. पण लहानपणी सूर्य आजच्यापेक्षा साधारण ३० टक्के मंद होता आणि तरी पृथ्वीवर पाणी होतं, त्यावर एक सुचवलेला उपाय असा की सूर्य तेव्हा काही टक्के वजनदार होता आणि नंतर जोरदार वाऱ्यातून ते वजन गेलं. तसा वारा तरुण जी-टाइप ताऱ्यांभोवती असता तर तो स्वतःच रेडिओत दिसला असता, फ्रिक्वेन्सीच्या ०.६ व्या घाताने चढणारा. शिवाय दाट वारा ३-५ गिगाहर्ट्झला अपारदर्शक असतो, त्यातून आतल्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा सिग्नल बाहेर आलाच नसता, आणि तो तर येतोय. पाय१ उर्सा मेजोरिस, कॅपा१ सेटी अशा ताऱ्यांवर व्हीएलएने मोजून वाऱ्याला कमाल मर्यादा घातल्या, आणि वजनदार सूर्याच्या कल्पनेला त्यातून फारशी जागा उरली नाही. असा निष्कर्ष मला नव्या सोर्सइतकाच मोलाचा वाटतो.

तर आता तुमच्या इमेजचं काय करायचं ते सांगतो, याच क्रमाने करा, कारण पहिली कामं फुकट आहेत. तारा इमेजच्या तारखेला नेमका कुठे होता ते गायावरून काढा. गायामध्ये जोडीदार बघा. रोसॅट बघा. मग सर्व्हेची तीच जागा दुसऱ्या फेरीत बघा, फेऱ्यांमध्ये साधारण ३२ महिन्यांचं अंतर आहे: सोर्स तिथेच, तेवढाच असेल तर आकाशगंगा, नाहीसा झाला असेल तर स्फोट, ताऱ्याचा किंवा जोडीदाराचा, आणि ताऱ्याबरोबर सरकला असेल तर मग खरंच उठून बसा. सर्क्युलर पोलरायझेशनची, म्हणजे स्टोक्स व्हीची इमेज मिळत असेल तर ती सगळ्यात जास्त बोलते, दूरच्या आकाशगंगांमध्ये ते जवळपास शून्य असतं, त्यामुळे सोर्स व्हीमध्ये ठळक उमटला तर तारा किंवा त्याचा जोडीदार याशिवाय फारसं काही उरत नाही.

एवढं करून तारा टिकला तरच टेलिस्कोपचा वेळ मागा, आणि एका पट्ट्यात मागू नका. पुण्याजवळच्या यूजीएमआरटी दुर्बिणीवर ५५० ते १४५० मेगाहर्ट्झ आणि व्हीएलएवर ४ ते १२ गिगाहर्ट्झ शक्यतो एकाच वेळी, पोलरायझेशन कॅलिब्रेशनसकट, आणि डेटा दहा सेकंदांच्या तुकड्यांत ठेवा, तासाची सरासरी काढून टाकलीत तर मिनिटभराचा स्फोट त्यात विरघळून जाईल. पोझिशन आणि दोन्ही फेऱ्यांचे फ्लक्स इथे टाकलेत तर ब्राइटनेस टेंपरेचरचं गणित मी पुन्हा करून देईन.